एका शब्दाचे दोन बाप

सरांच्या क्लासमधली एक खुर्ची आमच्या घरी आहे. लाकडी, सरळ पाठीची, आणि चारही पाय अर्ध्यातून कापलेले. आई तिच्यावर बसून साड्यांना स्टोन चिकटवते. घरी येणारं प्रत्येक माणूस विचारतं, ही बालवाडीतली आहे का. आई म्हणते, "नाही, मोठ्या माणसाची आहे," आणि पुढचं सांगायचं माझ्यावर सोडते. मी काही सांगत नाही. चार लोकांसमोर मला बोलता येत नाही, हे आमच्या घरात आता सगळ्यांनी मान्य केलं आहे. लिहायला मात्र जमतं.

आमच्या या गुजराती शहरात, लिंबायतमध्ये, लेसपट्टीच्या एका दुकानावर सरांचा स्पोकन इंग्लिशचा क्लास होता. लोखंडी जिन्यानं वर जायचं. शेजारच्या गाळ्यात कापड विणणारे लूम चालायचे, त्यामुळे खोलीतली प्रत्येक वस्तू बारीक थरथरत असायची. टेबलावरच्या ग्लासातल्या पाण्यावर सतत वर्तुळं उठायची. नवा विद्यार्थी आला की सर त्या ग्लासाकडे बोट दाखवायचे. "बघा, तुमच्याआधी पाणी बोलायला लागलं."

सर उंच होते, खांद्यांत थोडे वाकलेले. पांढरा शर्ट, गळ्याशी बटण लावलेलं, भर उन्हाळ्यातसुद्धा. मूळचे अकोल्याकडचे. तरुणपणी मिलमध्ये कामाला आले, पुढे पलसाण्याच्या, कापड रंगवणाऱ्या एका प्रोसेस हाऊसच्या ऑफिसात कारकून झाले, आणि निवृत्त झाल्यावर हा क्लास काढला. इंग्रजी वर्तमानपत्रं वाचून शिकलेले. लिहिलेलं प्रत्येक अक्षर उच्चारायचंच, असा त्यांचा आग्रह होता. बुधवारला ते 'वेड्नेसडे' म्हणायचे. मी एकदा हळूच सांगितलं की त्यातला पहिला 'ड' म्हणत नाहीत.

"लिहिलाय ना?"

"लिहिलाय, सर."

"मग त्याला बोलावून दाराबाहेर का उभा करायचा?"

उच्चारांसाठी त्यांना कोणीतरी हवं होतं. माझं बी.कॉम. झालं होतं, नोकरी लागत नव्हती. आई विहारात त्यांना म्हणाली, "माझी मुलगी इंग्लिश मीडियमची आहे, सर, पण बोलत नाही."

सर म्हणाले, "मंग बरं हाये. बोलणारे लय हायेत माह्याकडं."

फळ्यासमोर सर पुस्तकी मराठी बोलायचे. फळा सोडला की अकोला सुरू व्हायचं.

पहिल्या दिवशी त्यांनी मला पुढे उभं केलं. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. हातातला कागद खोलीपेक्षा जास्त थरथरायला लागला. सरांनी तो कागद काढून घेतला नाही, काही विचारलं नाही. एक खुर्ची उचलली, सगळ्यांच्या मागे नेऊन भिंतीला टेकवली आणि म्हणाले, "मॅडम, तुम्ही इथून वाचा. रेडिओ कुठं दिसतो ऐकणाऱ्याला?"

तेव्हापासून मी मागूनच वाचलं. मी एक वाक्य वाचायचे, आणि समोरच्या सगळ्या पाठी ते म्हणायच्या. क्लासमधले लोक मला मानेवरून ओळखता यायचे. शोभाताई मॉलमध्ये सौंदर्यप्रसाधनांच्या काउंटरवर होत्या, त्यांच्या अंबाड्याला नेहमी एक पिन जास्त असायची. कुरियरवाल्या काकांच्या कॉलरवर बॅगेच्या पट्ट्याचा घासलेला चट्टा होता. त्यांचे चेहरे मला फक्त जिन्यात दिसायचे, आणि तिथं मी खाली पाहून चालायचे.

क्लासची सुरुवात 'गुड इव्हिनिंग'नं होत नसे. सर खडू हातात घ्यायचे आणि विचारायचे, "आज कोणी काय म्हणालं?"

म्हणजे, दिवसभरात कोणी तुम्हाला हिणवलं का, आणि कोणत्या शब्दानं. सांगितलंच पाहिजे असं नव्हतं. पण हळूहळू सगळे सांगायला लागायचे. काही जण तर दिवसभर त्याची वाट पाहत असावेत, असं मला वाटायचं. सर तो शब्द फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहायचे आणि खुर्चीत बसून त्याच्याकडे वैद्यासारखे बघत राहायचे. "शब्दाचं तोंड उघडून पाहायचं," ते म्हणायचे. "मग कळतं, दात आहेत का नुसत्या हिरड्या."

एकदा शोभाताई म्हणाल्या, "सर, आज एक बाई मला फालतू म्हणाली. लिपस्टिक दुसऱ्या शेडची निघाली म्हणून."

"फालतू," सरांनी लिहिलं. "पोर्तुगीजांकडून आलेला शब्द आहे म्हणतात. ज्याच्यात काहीतरी कमी आहे, तो. जहाजातून उतरला आणि इथल्याच माणसांना फालतू म्हणायला लागला."

"मग मी त्या बाईला सांगू का, की तुमचा शब्द गोव्याहून आलाय?"

"सांगा. पण इंग्लिशमध्ये सांगा."

आणि मग ते वाक्य तयार व्हायचं, मी मागून वाचायचे, आणि सगळे म्हणायचे: मॅडम, युवर वर्ड हॅज कम फ्रॉम गोवा. हेच आमचं स्पोकन इंग्लिश. काकांना एका सोसायटीत सगळे 'ए पार्सल' म्हणून हाक मारायचे. त्यावर सरांनी त्यांच्याकडून म्हणून घेतलं की साहेब, पार्सल इज युवर्स, आय अ‍ॅम ओन्ली ब्रिंगिंग इट. काकांनी ते पाठ केलं. सोसायटीत कधी म्हटलं का, ते त्यांनी सांगितलं नाही.

'तुच्छ' शब्द निघाला त्या दिवशी सर फार खुशीत होते. "तुच्छ म्हणजे रिकामं. फोलपट. आत दाणा नसलेलं. म्हणजे त्यानं तुमच्या आत बघितलं आणि त्याला दाणा दिसला नाही. आता दाणाच नाही की त्याला डोळा नाही, ते त्याचं त्यानं तपासावं."

सरांच्या सगळ्या व्युत्पत्त्या बरोबर नसायच्या. बावळट हा शब्द त्यांनी बाहुलीपासून आणला होता, आणि बाहुली कुठून आणली ते आठवत नाही. मी घरी येऊन मोबाइलवर शोधायचे. निम्म्या वेळा काहीतरी वेगळंच निघायचं. सांगितलं नाही, कारण शब्द उघडला की समोरच्या पाठी थोड्या सरळ व्हायच्या, आणि ते फक्त मागून दिसायचं.

पहिल्याच दिवशी त्यांनी मलाही विचारलं होतं. सगळ्यांच्या डोक्यांवरून, भिंतीकडे पाहत. "मॅडम, तुम्हाला आज कोणी काय म्हणालं?"

"मला कोणी काही म्हणत नाही, सर."

"नशीबवान आहात," ते म्हणाले आणि फळ्याकडे वळले. पुन्हा कधी विचारलं नाही.

त्यांचा स्वतःचा शब्द हेटाळणी. कुठल्याही शब्दावरून निघाले तरी शेवटी तिथं यायचे. त्यामागची गोष्ट त्यांनी मला एका संध्याकाळी सांगितली, शेजारच्या गाळ्यातली वीज गेली होती आणि कधी नव्हे ते शांत झालं होतं तेव्हा.

"म्या इथं आलो त गुजराती एक अक्षर समजे नाई," ते म्हणाले. "मिलमंधी पहिला दिवस. मुकादमानं कापडाच्या गाठींकडं हात केला अन् म्हणाला, हेठे बेस. माह्या डोक्यात आगच गेली. आमच्याकडं हेठी म्हणजे इज्जत जाणं. हेठ कोण बसे माहीत हाये? माहा बाप. पाटलाच्या ओट्याखाली, धुळीत. ओटा रिकामा असला तरी खालीच. मंग म्या बसलोच नाई. अख्खी पाळी उभा राह्यलो. मुकादम दोनदा येऊन पाहून गेला, का या माणसाले झालं काय. दुसऱ्या दिवशी गेलोच नाई कामावर."

"मग?"

"मंग बरेच दिवस इकडंतिकडं हमाली केली. एक दिवस गोपीपुऱ्यातून चाललो होतो. एक बाई दारात लेकराले जेवू घालत होती. लेकरू कठड्यावर चढलं. ती म्हणते, हेठे बेस दीकरा, पडी जईश. इतक्या मायेनं म्हणत होती वं. मले काई सुधरेच ना. त्याच गल्लीत उभा राह्यलो. त्या मुकादमानं मले नुसतं बस म्हटलं होतं. खाली बस. ते त शेठलेही हेच म्हणतात."

त्या चुकीतून त्यांना शब्दांचं वेड लागलं. मराठीत हेठ, गुजरातीत हेठे. विहारात एका भन्तेंकडून थोडी पाली शिकले, तर तिथंही हेट्ठा म्हणजे खाली. ते म्हणायचे, बघा, हा शब्द केवढा प्रवास करून आला आणि वाटेत कुठंच वाईट नव्हता. नुसती दिशा होती. वर, खाली, डावीकडे, उजवीकडे. मग कोणीतरी ओट्यावर बसलं आणि त्या दिशेत माणूस ठेवला. तेव्हा हेठची हेटाळणी झाली.

खुर्च्यांचं कारण हेच. क्लाससाठी त्यांनी भंगारातून खुर्च्या आणल्या, तर सगळ्या वेगवेगळ्या उंचीच्या निघाल्या. कोणी वर, कोणी खाली. दुसऱ्या कोणी पुन्हा त्याच दुकानात नेल्या असत्या. सरांनी सुतार बोलावला आणि सगळ्यात बुटक्या खुर्चीच्या मापानं बाकीच्या कापून घेतल्या. स्वतःचीसुद्धा. सगळ्यात बुटकी खुर्ची खरोखरच एका बालवाडीतून आलेली होती. काका तिच्यावर बसले की नाकतोड्यासारखे दिसायचे, गुडघे कानाजवळ. सर बसले की मला ते दिसेनासेच व्हायचे. पाठींच्या वरून फक्त खडू धरलेला हात दिसायचा.

"सर, गुडघे जातील एखाद्या दिवशी," शोभाताई उठताना म्हणायच्या.

"जाऊ द्या. हेठी नको."

त्यांच्याकडे दोन जुने कोश होते, रद्दीतून आणलेले. त्यातल्या एकाचं मुखपृष्ठ गेलेलं होतं आणि तो ते फारसा उघडत नसत, कारण त्यातली अक्षरं बारीक होती. एकदा त्यांचा चष्मा दुरुस्तीला गेला होता, म्हणून एक शब्द शोधायला त्यांनी तो कोश माझ्याकडे दिला. शोधता शोधता मला हेटाळणे दिसलं. तिथं वेगळंच होतं. हेळणे, हेळसांड, अवहेलना, असं सगळं एका घरातलं म्हणून दिलं होतं, आणि मूळ अर्थ: लक्ष न देणे. न जुमानणे. त्यात वर-खाली काही नव्हतंच.

क्लास सुटल्यावर मी थांबले. आपणहून मागे थांबून सरांशी बोलण्याची ती माझी पहिली वेळ होती.

"सर, यात दुसरं दिलंय. खाली बसवणं नाही. न पाहणं. म्हणजे, माणूस समोर असून त्याच्याकडे लक्षच न देणं."

त्यांनी पान नाकाजवळ धरलं. बराच वेळ काही वाचता येईना. मग मान वर केली.

"एका शब्दाले दोन बाप?"

"एकच कोणतातरी खरा असेल, सर."

"माय सांगीन तो खरा." कोश त्यांनी मिटला. "नाई पोरी. न पाह्यल्यानं कोणाचं काय जाते? हेठ बसवलं का कंबर मोडते. माह्या बापाची मोडली, म्या पाह्यली. कोणी पाह्यलं नाई त उलट बरं. आपलं काम करा, घरी या, जेवा, झोपा."

"हो, सर," मी म्हणाले.

घरी जाताना मला माझी शाळा आठवली. शाळा चांगली होती. बाबांनी मोठ्या हौसेनं घातलं होतं. तिथं मला कधी कोणी वाईट बोललं नाही, घरच्या भाषेवरून नाही, डब्यावरून नाही, राहतो त्या भागावरून नाही. माझ्या शेजारी बाकावर दुसऱ्या मुलींची दप्तरं असायची. शेवटच्या वर्षी ग्रुप फोटो आला तेव्हा मुली मागच्या बाजूला नावं लिहीत होत्या. माझ्या चेहऱ्यावर बोट आलं आणि एकीनं दुसरीला विचारलं, "ये कौन है?" मी तिच्या मागेच उभी होते. तिनं खरंच विचारलं होतं, त्यात काही टोमणा नव्हता.

हे मी सरांना सांगितलं नाही. ते माझं होतं.

सरांचा मुलगा हजीऱ्याला एका कंपनीत इंजिनीअर होता. त्यानं तापीपलीकडे पालला फ्लॅट घेतला आणि गृहप्रवेशाची तारीख ठरली. तेव्हापासून सरांचं क्लासवरचं लक्ष उडालं. 'आज कोणी काय म्हणालं' हे विचारायचे, पण फळ्यावर लिहायला विसरायचे.

नव्या घरात बुद्धवंदना व्हायची. वंदना घरातल्या मोठ्या माणसानं म्हणायची आणि बाकीच्यांनी त्याच्या मागून, अशी आमच्याकडची रीत. सरांच्या पत्नी वारल्या तेव्हापासून ते रोज सकाळी एकटेच म्हणत असत, आणि त्यांच्या मागून म्हणणारं कोणी नव्हतं. आता भरल्या घरानं त्यांच्या मागून म्हणायचं होतं. मुलानं त्यांना तसं सांगितलं होतं का, मला माहीत नाही. सरांनी विचारलं नसणार. असं कोणी विचारतं का.

त्यासाठी सराव सुरू झाला. क्लास सुटला की दार लोटून घ्यायचे, मला समोर बसवायचे आणि एकेक ओळ म्हणायचे. मी मागून म्हणायचे. ज्या दीर्घ स्वराला ते कित्येक वर्षं ऱ्हस्व म्हणत आले होते, तो त्यांनी पुन्हा पुन्हा घासून नीट केला. आवाज चांगला होता त्यांचा. जाड, थोडा फाटलेला, पण ओळ सोडून न जाणारा. लूमची खटखट चालू असायची आणि तिच्यावरून तो आवाज सरळ यायचा.

"तू चाल माह्यासंगं," ते म्हणाले. "कुठं चुकलो त मांग सांगजो मले."

मी गेले. पांढरा ड्रेस घालून, फुलांची पिशवी धरून. बसमध्ये सरांचे ओठ सतत हलत होते.

फ्लॅट बराच वर होता. लिफ्टचं दार उघडलं तर मुलगा समोरच उभा. सरांच्या पाया पडला. त्याच्या बायकोनं शाल दिली. हॉलमध्ये सगळे सतरंजीवर बसले होते, कंपनीतले लोक, त्यांच्या बायका, शेजारी. सोफा भिंतीला सरकवलेला होता, आणि एकच मोठी, गादीची, हात असलेली खुर्ची खिडकीजवळ ठेवली होती.

"बाबा, तुम्ही खाली बसू नका. इथं बसा, आरामात."

सर बसले. त्या खोलीत त्यांच्यापेक्षा वर कोणी नव्हतं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. घसा साफ केला. माझ्याकडे एकदा पाहिलं.

मुलानं मेणबत्त्या लावल्या, फुलं ठेवली, वळून सगळ्यांना म्हणाला, "चला, सुरू करू या का?" आणि खिशातून मोबाइल काढून त्यावर बोट टेकवलं. टीव्हीखालच्या काळ्या स्पीकरमधून वंदना सुरू झाली. गोड आवाज, मागे मंद संगीत. सगळ्यांनी हात जोडले.

सरांनीही जोडले. त्यांचे ओठ उघडले होते, ते त्या आवाजाबरोबर हलायला लागले. पण स्पीकरची चाल वेगळी होती. सर ओळीच्या शेवटी पोहोचायचे तेव्हा तो पुढच्या ओळीत गेलेला असायचा. थोड्या वेळानं त्यांनी ओठ मिटले.

आणि मध्येच स्पीकर थांबला. मुलाला कोणाचा तरी फोन आला होता. मुलगा मोबाइलशी झटापट करू लागला. खोली गप्प झाली, ओळ अर्धी राहिलेली. मी सरांकडे पाहिलं. ते खुर्चीत सरळ झाले होते, छाती भरून श्वास घेतला होता. ती ओळ तिथून उचलायला त्यांना एक क्षण हवा होता. खोलीतलं एक माणूस जरी त्यांच्याकडे वळलं असतं तरी ते म्हणाले असते.

"सॉरी, सॉरी," मुलगा म्हणाला. वंदना पुन्हा सुरू झाली. सरांनी घेतलेला श्वास हळूहळू सोडला.

नंतर जेवणं झाली. मुलगा ओरडून म्हणाला, "बाबांना आधी वाढा," आणि पहिलं ताट त्यांनाच गेलं. येणारा प्रत्येक जण त्यांच्या पाया पडून पुढे जात होता. गप्पा सतरंजीवर चालल्या होत्या, कोणाची बदली, कोणत्या शाळेत प्रवेश. खिडकीजवळच्या त्या खुर्चीपाशी कोणी थांबलं नाही. कोणी वाईट वागलं असं मला सांगता येणार नाही. मी शोधलं, पण तसं काही घडलं नव्हतं.

परतीच्या बसनं तापीचा पूल ओलांडला. मग सर म्हणाले, "स्पीकरचा आवाज चांगला होता."

"दोन ठिकाणी ऱ्हस्व म्हटलं त्यांनी," मी म्हणाले. "जिथं दीर्घ पाहिजे तिथं."

सर माझ्याकडे वळले. "ऐकलं तू?"

"हो."

"मले वाटलं मलेच ऐकू आलं." ते पुन्हा खिडकीबाहेर पाहू लागले. काही वेळानं म्हणाले, "बसायले खुर्ची मोठी देल्ली होती त्यानं. पाह्यली ना?"

"पाहिली, सर."

दुसऱ्या दिवशी क्लासमध्ये त्यांनी कोणाला काही विचारलं नाही. फळ्यावर स्वतःच लिहिलं: हेटाळणी. त्याच्याखाली एका बाजूला 'खाली', दुसऱ्या बाजूला 'न पाहणे'. खडू घेऊन उभेच राहिले.

"काल तुमच्याकडे कार्यक्रम होता ना, सर?" शोभाताईंनी विचारलं. "कसा झाला?"

"चांगला झाला," सर म्हणाले. मग त्यांनी 'खाली' हा शब्द बोटांनी पुसला. फडकं होतं बाजूला, पण बोटांनीच पुसला. "मी तुम्हाला इतके दिवस एक सांगत होतो. त्या दुसऱ्या कोशात दुसरं दिलं आहे. तेही लिहून घ्या."

सगळे गेल्यावर मी पिशवी उचलली. सर आपल्या बुटक्या खुर्चीत बसले होते. मी दारापर्यंत पोहोचले तेव्हा मागून म्हणाले, "पोरी, पहिल्या दिवशी म्या तुले विचारलं होतं. कोणी काय म्हणालं म्हणून."

"हो."

"कोणी काई म्हणत नाई, म्हणाली होती तू."

मी पिशवी दुसऱ्या हातात घेतली.

"म्या नशीबवान म्हटलं होतं तुले," ते म्हणाले. "चुकलं माहं."

लूमचा आवाज चालू होता. ग्लासात पाणी हलत होतं. मी मान हलवली, आणि त्यांनीही हलवली.

त्यानंतर क्लास फार दिवस चालला नाही. शोभाताईंचं भाकीत सरांवरच खरं झालं. गुडघे गेले आणि लोखंडी जिना चढणं बंद झालं. मुलगा येऊन त्यांना पालला घेऊन गेला. तो चांगला मुलगा आहे, हे मला लिहिलं पाहिजे. त्यानं वडलांना स्वतंत्र खोली दिली आहे, फिजिओथेरपीला माणूस येतो, खिडकीतून तापी दिसते. जायच्या आधी सरांनी खुर्च्या वाटून टाकल्या. काका आपली खुर्ची बाइकला बांधून घेऊन गेले. शोभाताईंनी ती नको म्हणून सांगितलं आणि मग अर्ध्या वाटेतून परत येऊन नेली.

मला पलसाण्याला एका ऑफिसात काम लागलं. तिथं दिवसभर ईमेल लिहायच्या असतात, बोलावं लागत नाही. जेवणाच्या सुट्टीत सगळे घोळक्यानं खाली जातात. मी जागेवरच डबा उघडते. परवा तशी एकटी बसले असताना मी मोबाइल काढला आणि सरांना फोन लावला. मी आपणहून कोणाला फोन करत नाही, त्यामुळे रिंग वाजत असताना काय म्हणायचं ते ठरलेलं नव्हतं.

"हॅलो," सर म्हणाले. मागे कसलाच आवाज नव्हता. इतका शांत सरांचा आवाज मी कधी ऐकला नव्हता. लूमशिवाय.

माझ्या तोंडून एकदम तेच आलं. "सर, आज कोणी काय म्हणालं?"

ते हसले असावेत.

"कोणी काई म्हणत नाई, पोरी."

समोरच्या टेबलावर कोणाची तरी बाटली होती. तिच्यातलं पाणी अगदी स्थिर होतं. मी म्हणाले, "सर, रविवारी आमच्या घरी वंदना ठेवली आहे. तुम्ही म्हणाल का? आम्ही मागून म्हणू. भाऊ रिक्षा घेऊन येईल तुम्हाला न्यायला."

"तुमच्याकडं स्पीकर नाई का?"

"नाही, सर."

"असं." मग आवाज जरा वर आला. "मंग पांढरी चादर लागन. अन् फुलं साधीच आणजो. अन् तो दीर्घ आठोते ना तुले?"

"आठवतो."

खरं तर रविवारी आमच्या घरी काहीच ठरलेलं नव्हतं. त्या संध्याकाळी घरी आले तेव्हा आई त्या खुर्चीवर बसून स्टोन लावत होती. मी तिला सांगितलं की रविवारी वंदना आहे.

"कशाबद्दल?"

"सर येणार आहेत."

आईनं हातातली साडी बाजूला ठेवून माझ्याकडे पाहिलं. भावाचा स्पीकर टीव्हीजवळ होता. मी तो वायरीसकट उचलला आणि कपाटात, साड्यांच्या गठ्ठ्यामागे ठेवून दिला.

"त्यांना बसवायचं कुठं पण?" आई म्हणाली. "गुडघे गेलेत म्हणतेस. या खुर्चीतून त्यांना उठता यायचं नाही."

"पलंगावर बसवू."

"आणि तू? मागं, दाराशीच बसशील नेहमीसारखी."

"नाही," मी म्हणाले. "मी समोर बसते."